धावणाऱ्याचा जीव का कमी व्हावा?

मागच्या अंकात 'लुनार: ड्रॅगन साँग' या गेमबद्दल मी जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या. 2005 साली निन्टेंडो डीएस या हातात धरून खेळायच्या मशीनवर आलेला हा गेम म्हणजे 'लुनार' या माझ्या सगळ्यात लाडक्या मालिकेतली सगळ्यात मोठी निराशा, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत राग होता, कळकळ होती, आणि एका पत्रानं तर मला दोन दिवस अस्वस्थ ठेवलं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच एका गेमला दिलं आहे. आधी वाचकाचं पत्र, मग माझं उत्तर, असा क्रम आहे. ते अस्वस्थ करणारं पत्र शेवटी घेतलंय.

नमस्कार ताई. 'लुनार' मालिकेतला 'सिल्व्हर स्टार स्टोरी' मी तीनदा पूर्ण केला आहे. त्याच ओढीनं 'ड्रॅगन साँग'चं जुनं कार्ट्रिज शोधून काढलं. बारा तास खेळून झाले. मन लागत नाही, आणि 'लुनार' नाव असल्यामुळे सोडवतही नाही. माझं वय झालं म्हणून असं होतंय का? पुढे गेम चांगला होतो का?

वयाचा काही संबंध नाही. तुम्ही ज्या गोष्टीवर प्रेम केलंत, तीच या गेममधून काढून घेतलेली आहे. नेमकी कोणती, ते सांगते.

'सिल्व्हर स्टार'ची सुरुवात आठवा. बर्ग नावाचं छोटं गाव. अ‍ॅलेक्स, लूना, उडणारा नॉल आणि गावच्या प्रमुखाचा मुलगा रामस. रामसला ड्रॅगनच्या गुहेतला हिरा हवाय, विकून श्रीमंत व्हायला. म्हणजे जगावर संकट आलंय म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही. एका मित्राच्या डोक्यात खूळ शिरलंय आणि बाकीचे त्याच्या सोबतीला निघालेत. पुढे मेरिबिया शहरात रामस मागे राहतो आणि दुकान मांडतो. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं. लढाईत त्याचा फार उपयोग होता असंही नाही, पण तो बरोबर असायचा. नंतर त्या शहरात गेले की आधी त्याच्या दुकानात डोकावायचे.

बोटीवर लूना गाते तो प्रसंग तर तुम्हाला वेगळा सांगायला नको. पण एक गोष्ट कदाचित ठाऊक नसेल. सेगा सीडी या मशीनवरच्या 1992 च्या मूळ आवृत्तीत लूना बोटीवर चढतच नाही, ती बंदरावरून मागे फिरते. नव्यानं गेम करताना तिला बोटीवर घेतलं, आणि त्यामुळे ते गाणं तिथे आलं. मालिकेचं सगळं मर्म मला या एका बदलात दिसतं. करणाऱ्यांनी स्वतःला विचारलं असणार, हिला अजून थोडा वेळ सोबत ठेवता येईल का?

आता 'ड्रॅगन साँग'कडे या. नायक जियान आणि त्याची मैत्रीण लुसिया 'गॅड्स एक्स्प्रेस'साठी सामान पोचवायचं काम करतात. काळ 'सिल्व्हर स्टार'च्या हजार वर्षं आधीचा. माणसं आणि अंगानं दांडगे पशुमानव एकाच जगात राहतात, आणि पशुमानव माणसांना कमी लेखतात. यातून केवढी गोष्ट उभी राहिली असती! दारोदार सामान पोचवणारा पोरगा म्हणजे गावोगावची खबर, दोन्ही जमातींच्या घरांत पाय ठेवायची मुभा, उंबऱ्यावर मिळणारी वागणूक. पहिला तासभर मी याच आशेवर हरखून खेळत होते.

मग मी रानात धावायचं बटण दाबलं आणि जियानचा एचपी, म्हणजे त्याच्या जिवाचा आकडा, उतरायला लागला. शत्रू आसपास नाही, विष नाही, शाप नाही. तो धावला म्हणून. गावाबाहेर पडलं की धावण्याची किंमत जिवानं मोजायची, असा या गेमचा नियम आहे. सामान पोचवणं हा ज्याचा धंदा, त्यालाच धावायची शिक्षा! चालावं तर चाल इतकी संथ की एक मैदान ओलांडताना कंटाळा येतो. धावावं तर पुढच्या लढाईत अर्धमेल्या अंगानं उतरा. एखादा नियम कठोर असला तरी त्यातून काही निवडायला मिळालं तर मी तो आनंदानं पाळते. इथे निवड आहे ती कंटाळा आणि नुकसान यांच्यातली.

दुसरं दुखणं लढाईचं. कुणावर वार करायचा हे तुम्हाला ठरवता येत नाही. तुम्ही 'मार' म्हणायचं. जियान कुणाला मारेल ते गेम ठरवणार. समोर तीन राक्षस आहेत, एक मरायला टेकलाय, आणि आपले तिघं तीन दिशांना वार करतात. या प्रकारच्या गेममध्ये खेळाडूच्या हातात असतं काय? आधी कुणाला पाडायचं, कुणाला राखायचं, कुणावर जादू खर्चायची. त्यातलं पहिलंच काढून घेतलं तर मागे उरतं फक्त बघत बसणं. सेगा सीडीवरच्या पहिल्या गेममध्ये पात्रं मैदानात पुढे सरकून वार करायची, कोण किती लांब उभा आहे याचाही हिशेब असायचा. तेरा वर्षांनी आलेल्या गेममध्ये निदान तेवढं तरी हवं होतं.

भरीस भर म्हणजे काही राक्षस तुमच्या अंगावरची शस्त्रं-चिलखतं मोडतात. घाम गाळून घेतलेली वस्तू एका टोल्यात गेली.

पुढे चांगला होतो का, असं तुम्ही विचारलंत. नाही होत. गॅब्रिएल, फ्लोरा अशी मंडळी येऊन मिळतात, गोष्ट जरा रंगते, पण नियम आहेत तेच राहतात. मी शेवटपर्यंत खेळले ते एका हट्टापायी: कुठेतरी त्या बोटीसारखा एखादा प्रसंग येईल, असं वाटत होतं. तो आला नाही. बारा तासांत मन लागलेलं नाही, तर कार्ट्रिज कपाटात ठेवा. मालिकेवरचं प्रेम सिद्ध करायला तिच्यातला प्रत्येक गेम शेवटाला न्यावा लागत नाही.

'लुनार जेनेसिस' नावाचा गेम आणि 'ड्रॅगन साँग' एकच का? मी पहिला घेतला, आता दुसराही घ्यावा म्हणतो.

एकच आहे, घेऊ नका. जपानमध्ये ऑगस्ट 2005 मध्ये तो 'जेनेसिस' नावानं आला, अमेरिकेत त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'ड्रॅगन साँग' झाला, आणि युरोपात पुन्हा 'जेनेसिस'.

मी हा गेम पूर्ण करणारच आहे, त्यामुळे 'सोडून द्या' असं सांगू नका. लढाईच्या दोन पद्धतींमध्ये माझा फार गोंधळ उडतो. एकीत अनुभव, म्हणजे ताकद वाढवणारे गुण, मिळतो तर वस्तू मिळत नाहीत, दुसरीत वस्तू मिळतात तर अनुभव नाही. कधी काय वापरावं?

तुमचा निश्चय आवडला, म्हणून मला जे खेळून-खेळून समजलं ते सगळं देते.

'व्हर्च्यू' पद्धतीत राक्षस मारला की अनुभव मिळतो, वस्तू मिळत नाहीत. 'कॉम्बॅट' पद्धतीत वस्तू आणि कार्डं मिळतात, अनुभव शून्य. आणि या जगात राक्षसांच्या खिशातून पैसे पडत नाहीत. पैसा येतो तो सामान पोचवण्याच्या कामातून, आणि त्या कामांना लागणारं सामान राक्षसांकडूनच मिळवावं लागतं. म्हणजे एकाच रानात ताकद वाढवायला एकदा लढायचं आणि पोट भरायला पुन्हा एकदा. जे काम बाकीच्या गेममध्ये एका फेरीत होतं, त्याला इथे दोन फेऱ्या.

मी बसवलेला क्रम असा. नव्या भागात शिरताना 'व्हर्च्यू' लावायचं. या पद्धतीत मारलेले राक्षस परत उगवत नाहीत, आणि ठरलेल्या वेळेत त्या भागातले सगळे संपवले तर तुमचा एचपी आणि एमपी (जादूची ताकद) पूर्ण भरून मिळतो, निळ्या पेट्याही उघडतात. इथे थोडं थांबून विचार करा: वेळेची मर्यादा म्हणते घाई कर, आणि धावलं की एचपी जातो. एकमेकांच्या तंगड्या ओढणारे हे दोन नियम. पण शेवटी सगळं भरून मिळणार असेल, तर मधे धावण्यात खर्च केलेला एचपी वसूल होतो. म्हणून 'व्हर्च्यू'मध्ये बेधडक धावा, फक्त शेवटच्या एक-दोन राक्षसांसाठी हातात पुरेसा जीव राखून ठेवा. राक्षस नकाशावर डोळ्यांना दिसतात, त्यामुळे कुणाकडे आधी जायचं याचा मार्ग आखता येतो. मी लांबच्या कोपऱ्यातला आधी गाठायचे आणि वाटेतले परत येताना.

'कॉम्बॅट' लावायचं ते फक्त कामापुरतं. गावातून निघण्याआधी कुणाला काय हवंय ते वहीत लिहून घ्या. मी खरोखर एक छोटी वही केली होती. डाव्या बाजूला राक्षसाचं नाव, उजवीकडे त्याच्याकडून मिळणारी वस्तू. याद्या जुळल्या की एका फेरीत तीन-चार कामं उरकतात. या फेरीत चालतच जा, धावू नका. इथे काही भरून मिळत नाही.

मोठ्या बॉसकडे, म्हणजे टप्प्यावरच्या बलाढ्य शत्रूकडे, जाण्याआधी हातातल्या शस्त्राची एक जास्तीची जोड जवळ ठेवा. मोडलं तर गावापर्यंत परतीची पायपीट वाचते. आणि सेव्ह करत राहा.

हे लिहिताना लक्षात आलं की मी त्या वहीसकट बराच काळ आनंदात घालवला होता. पण तो आनंद माझ्या वहीचा होता. गेमनं जिथे अडवलं तिथे मी वाट काढत होते, एवढंच.

तुम्ही अन्याय करताय. हातात मावणाऱ्या मशीनवर, तेही मशीन नवंकोरं असताना, याहून जास्त काय होणार? टीव्हीवरच्या गेमशी तुलनाच चुकीची आहे.

तुलना टीव्हीवरच्या गेमशी केली असती, तर तुमचं म्हणणं मी मान्य केलं असतं. पण हातातल्या मशीनवरच बघू या. याच मालिकेचा एक गेम 1996 साली सेगाच्या गेम गिअरवर आला होता, जादूच्या शाळेत शिकणाऱ्या मुलींचा. तो जपानबाहेर कधी गेला नाही. 2002 मध्ये 'लुनार लेजंड' गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला. 'सिल्व्हर स्टार'चीच गोष्ट, आटोपशीर केलेली. तो काही थोर गेम नाही, पण त्यात मला कुणी धावल्याबद्दल मारलं नाही. त्याच मशीनवर 2001 साली 'गोल्डन सन' आला होता, आणि त्यातल्या लढाया आजही डोळ्यांत भरतात. डीएसहून कमी ताकदीच्या मशीनवर हे सगळं झालं.

'नवंकोरं मशीन' हा तुमचा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेते. डीएस 2004 च्या अखेरीस बाजारात आला आणि हा गेम जपानमध्ये त्यानंतर नऊच महिन्यांत. दोन पडदे, स्पर्शाचा पडदा, मायक्रोफोन, या सगळ्याचं करायचं काय हे तेव्हा सगळेच चाचपडत होते. 'ड्रॅगन साँग'नं मायक्रोफोनचं काय केलं, तर लढाईतून पळ काढायचा असेल तेव्हा त्यात फुंकर मारायची.

माझी एक रात्र सांगते. बाजूला बहीण झोपली होती, तिला सकाळी परीक्षेला जायचं होतं. मी पांघरुणात डोकं खुपसून खेळत होते. एचपी संपत आलेला, सेव्ह करून तास उलटलेला, समोर झेपणार नाही अशी टोळी. पळणं भाग होतं. मी हळूच फुंकर मारली. काही झालं नाही. जरा जोरात मारली. तरी नाही. तिसऱ्यांदा छातीत हवा भरून मारली आणि बहीण दचकून उठून बसली. तिला काय झालं ते सांगेपर्यंत इकडे तिघंही मेले होते. ती काही बोलली नाही, कूस बदलून झोपली. मी मात्र मशीन बंद करून बराच वेळ जागी होते. तासाभराची मेहनत गेली याचं दुःख होतंच. पण जे एका बटणावर निवांत झालं असतं ते फुंकरीवर का टाकलं, हा प्रश्न जास्त छळत होता. मशीनची मर्यादा म्हणजे जे करता आलं नाही ते. हे तर मुद्दाम, कष्ट घेऊन केलेलं होतं. एचपी उतरवणारा नियमही कुणीतरी बसून लिहिलाय, तपासलाय, ठेवलाय. मशीन लहान होतं म्हणून तो आला नाही.

माझ्या मते सगळा दोष भाषांतराचा. आधीचे गेम इंग्रजीत आणणारी 'वर्किंग डिझाइन्स' असती तर हा गेम बिघडला नसता.

'वर्किंग डिझाइन्स'बद्दल मलाही माया आहे. त्यांनी आणलेल्या 'सिल्व्हर स्टार स्टोरी'च्या खोक्यात कापडी नकाशा होता, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची पुस्तिका होती, संगीताची वेगळी सीडी होती. तो नकाशा उलगडून मी जमिनीवर पालथी पडायचे आणि बोट फिरवत बर्गपासून मेरिबियापर्यंत जायचे. 'ड्रॅगन साँग' इंग्रजीत 'युबीसॉफ्ट'नं आणला. 'वर्किंग डिझाइन्स' त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंद झाली.

पण हा दोष भाषांतराचा नाही. धावण्याचा नियम आणि लढाईच्या दोन पद्धती जपानी गेममधल्याच आहेत. उलट एक जुनी गोष्ट आठवून बघा. याच मालिकेतला, सेगा सीडीवरचा 'इटर्नल ब्लू' इंग्रजीत आणताना 'वर्किंग डिझाइन्स'नं सेव्ह करायलाच किंमत लावली होती. जादू वाढवायला जमवलेले गुण सेव्ह करताना खर्च व्हायचे. जपानी आवृत्तीत हे नव्हतं. ज्यांनी कापडी नकाशा दिला, त्यांनीच हेही केलं. पुढे प्लेस्टेशनवर आलेल्या आवृत्तीत ती किंमत गेली.

म्हणजे खेळाडूच्या साध्या हालचालीवर कर बसवायचा मोह या मालिकेला 'ड्रॅगन साँग'च्या आधीही झाला होता. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण 'इटर्नल ब्लू'मध्ये त्या एका जाचाभोवती हिरो आणि लुसिया (ही लुसिया वेगळी) होते, रॉन्फार होता, लेमिना होती. गावातल्या माणसांशी दुसऱ्यांदा बोललं तर ती नवं काही सांगायची. सेव्हचे गुण गेले की मी चरफडायचे, पण पुढच्या गावात कोण भेटेल या उत्सुकतेत विसरून जायचे. 'ड्रॅगन साँग'मध्ये जाच तेवढे राहिले, विसरायला लावणारं काही नाही.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला ही मालिका द्यायची आहे. गोष्ट सगळ्यात आधीची म्हणून 'ड्रॅगन साँग'पासून सुरुवात करावी का?

नको. एप्रिल 2025 मध्ये 'सिल्व्हर स्टार' आणि 'इटर्नल ब्लू' हे दोन्ही गेम एकत्र, नव्यानं उजळून आले आहेत. स्विचवर, प्लेस्टेशनवर, एक्सबॉक्सवर, पीसीवरही. तोच संच घ्या. लढाया भरभर पुढे नेण्याची सोय त्यात आहे, त्यामुळे आजच्या मुलांना संथ वाटणार नाही. 'ड्रॅगन साँग' त्या संचात नाही, आणि त्यावाचून गोष्टीत काही अडत नाही.

आधी 'सिल्व्हर स्टार', मग 'इटर्नल ब्लू'. दुसऱ्याची गोष्ट पहिल्याच्या हजार वर्षांनंतरची आहे. एखादं ओळखीचं नाव ऐकून ती जागेवरून उडी मारेल, तेव्हा तुम्ही जवळ असा. 'इटर्नल ब्लू'ची श्रेयनामावली सरकून गेली की तिला सांगा, बंद करू नकोस. त्यानंतरही खेळायचं उरलेलं आहे, आणि जे उरलंय त्यासाठीच मी तो गेम पुन्हा-पुन्हा काढते.

ताई, तुमचा लेख वाचून वाईट वाटलं. 'ड्रॅगन साँग' हा माझा पहिला गेम. मी नऊ वर्षांची होते, पाय मोडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर. मामानं तो आणून दिला. मला चालता येत नव्हतं. बाहेर मुलं खेळायची त्यांचा आवाज यायचा. आणि या गेममधला मुलगा धावला की त्याला लागायचं. तो नियम वाईट आहे असं मला कधी वाटलंच नाही. मला वाटायचं, यालाही माझ्यासारखंच होतंय. मी त्याला धावू द्यायची नाही. सगळा गेम मी त्याला चालवत नेला. पुढे दुसरे गेम खेळले, ते चांगले आहेत हे मलाही कळतं. पण तुम्ही त्याला 'निराशा' म्हणालात ते मला लागलं. दुसरं विचारायचं म्हणजे, ते कार्ट्रिज अजून माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांनी त्यातलं सेव्ह टिकलं असेल का?

हेच ते पत्र. मी पुन्हा-पुन्हा वाचलं. मग कपाटातून माझं मशीन काढलं, गेम नव्यानं सुरू केला आणि बंदरातून बाहेर पडून रानात धावण्याच्या बटणाला अंगठा न लावता चालत राहिले. साधारण अर्धा तास. तुम्ही जे पाहिलंत ते मला दिसतं का, हे बघायचं होतं.

थोडंसं दिसलं. चालताना लुसिया आणि जियान सोबत असतात. घाई नसली की त्यांच्याकडे लक्ष जातं. मी ज्या वयात तो गेम खेळले, त्या वयात मला घाई होती. मला 'सिल्व्हर स्टार' परत हवा होता, आणि जियानला मी प्रत्येक पावलाला अ‍ॅलेक्सशेजारी उभं करून मोजत होते. तुम्ही त्याला कुणाशेजारी उभं केलं नाहीत. तो तुम्हाला तुमच्यासारखा भेटला.

तरी माझं मत बदललेलं नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी बदललं असं म्हणणार नाही. तो नियम ज्यांनी केला त्यांच्या मनात प्लास्टरमधली मुलगी नव्हती. गोष्टीत कुठेही जियानच्या पायाचं, दमण्याचं, दुखण्याचं नाव नाही. असतं, तर हाच नियम मालिकेतला सगळ्यात सुंदर नियम ठरला असता. त्याला अर्थ दिलात तो तुम्ही, नऊ वर्षांच्या असताना, एकटीनं. गेमला मी निराशा म्हटलं. तुमच्या त्या दिवसांना लागेल असं मात्र मला काही म्हणायचं नव्हतं. ते दहा ओळींत मावलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कार्ट्रिजचं. जुन्या गेम बॉयच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये सेव्ह जपायला एक छोटी बॅटरी असायची. ती संपली की सेव्ह गेलं. डीएसच्या कार्डात तशी बॅटरी नसते. सेव्ह अशा चिपमध्ये असतं की वीज नसतानाही ते राहतं. त्यामुळे ते टिकलेलं असण्याची चांगली आशा आहे. कार्ड पहिल्या झटक्यात ओळखलं गेलं नाही, तर घाबरू नका. मागच्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ किंवा काळपटपणा आला असेल. कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून त्या पट्ट्या हलक्या हातानं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ त्या पट्ट्यांना वाईट. जुना डीएस बिघडला असेल तर डीएस लाइट, डीएसआय किंवा थ्रीडीएस, कशातही हे कार्ड चालतं.

आणि सुरू झालं की 'नवा गेम' चुकूनही निवडू नका. आधी जुनं सेव्ह उघडा. जियान कुठे उभा आहे आणि त्याचा एचपी किती आहे, तेवढं मला कळवा.